अनसाची गिरणी आणि बाजारातल्या तीन सुना

अनसा,

बँकेच्या रांगेत मी गव्हाचा डबा ठेवून निघून गेले होते, ही गोष्ट तू उभ्या बाजाराला सांगितलीस. आता तू नाहीस, तर ती मलाच सांगत बसावी लागणार. नाही तर लोक विसरतील, आणि मी जन्मभर शहाणी होते असा गैरसमज मागे राहील.

तुझ्या गिरणीच्या जागी बँक उघडून आठवडाही झाला नव्हता. मास्तरांनी मला पैसे काढायला पाठवलं होतं. तिथून तसंच पुढे, मागच्या गल्लीतल्या तुझ्या नव्या जागी दळण टाकायचं होतं, म्हणून कडेवर डबा. पायरी तीच, इतकी वर्षं चढलेली. आत काही माणसं ओळीनं उभी होती आणि सगळ्यांत मागे एक धोतरवाले बुवा. मी डोक्यात कसलासा हिशेब करत होते, आणि हातानं आपलं जुनं काम केलं. बुवांच्या मागे डबा टेकवला, झाकण एकदा दाबून पाहिलं आणि मी मेथी घ्यायला निघून गेले. तुझ्याकडे तो कायदाच होता ना! डबा बसला की माणूस मोकळा. डब्याचा नंबर कोणी ओलांडायचा नाही, मग त्याची मालकीण मेथी घेवो की माहेरी जाऊन येवो.

मेथी घेतली, कासाराच्या बायकोशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले, परत आले. डबा होता तिथेच. रांग मात्र त्याला वळसा घालून पुढे गेलेली. शिपाई कमरेवर हात ठेवून डब्याकडे पाहत उभा.

"बाई, हा डबा तुमचा काय?"

"हो. त्या धोतरवाल्या बुवांच्या मागे माझा नंबर आहे. बुवा कुठे गेले?"

"ते पैसे घेऊन घरी गेले."

"मग आता माझा नंबर!" मी म्हटलं, आणि मागे उभ्या असलेल्या चार माणसांकडे असं पाहिलं, की जणू ती माझ्या दळणात दळण मिसळायला आली आहेत.

साहेब आतून बाहेर आले. त्यांनी स्वतः झाकण उघडलं. आत गहू. साहेब माझ्याकडे पाहून फार सभ्यपणे म्हणाले, "माई, इथे गहू जमा होत नाही."

तेव्हा मी वर पाहिलं. वर पट्टा नव्हता, पंखा होता. भिंती पांढऱ्या होत्या, पण पिठानं नाही. काउंटरवरची पोरगी ओठ दाबून हसत होती. आणि मी, पंचेचाळिशी ओलांडलेली, महिला मंडळाची चिटणीस, मोठ्या रुबाबात म्हणाले, "मला माहीत आहे. मी फक्त टेकवला होता." आणि डबा उचलून चालती झाले. पैसे काढायचे राहिले. मेथीसुद्धा काउंटरवरच राहिली.

तुला येऊन सांगितलं तर तू पट्ट्याला धरून हसलीस. पट्टा बंद होता म्हणून बरं. डोळ्यांतलं पाणी पुसताना पिठाचे पट्टे गालावर उमटले, आणि त्या अवतारात तू विचारलंस, "अवं पण मास्तरीण, त्याईनं दळून नाही देल्लं काय?"

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत तुझ्या माहेरची, कामठीच्या पुढच्या गावाची माणसं होती. ती तुझ्याबद्दल बोलत होती ते ऐकून मला वाटलं, मी चुकीच्या घरी जेवतेय. म्हणे अनसाबाई फार शांत होती, कधी कोणाला उणा शब्द बोलली नाही. अनसा, तू! तुझ्या उण्या शब्दांवर आम्ही तीस वर्षं पोळ्या लाटल्या.

पहिल्याच दिवशीचा उणा शब्द मला पाठ आहे. मी नवी नवी, नागपूरच्या महाल भागातून लग्न होऊन या वस्तीत आलेली. मास्तर शाळेत शिकवायचे, म्हणजे मला वाटायचं की अर्धं नागपूर तेच शिकवतात. तुझ्याकडे डब्यांची ही लांब ओळ. मी माझा डबा सरळ पुढे नेऊन ठेवला आणि म्हटलं, "माझं आधी दळा. मास्तरांना शाळेत जायचं असतं."

तू मान वर केली नाहीस. गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी नळी झटकत म्हणालीस, "मास्तर शाळेत जाते तं जाऊ दे. डबा कुठं जाते?"

सगळ्या बाया हसल्या. मी डबा उचलला आणि ठणकावून सांगितलं की मी दुसऱ्या गिरणीत जाईन. तू म्हणालीस, "जाय. पण झाकण लाव, रस्त्यानं चिमण्या खातीन." मी झाकण लावलं. मग मला कळेना की झाकण लावल्यावर रागानं जाता येतं का. शेवटी ओळीच्या टोकाला डबा ठेवला. त्या दिवसापासून मी तुझी 'मास्तरीण' झाले. माझं नाव काय, हे तू विचारलं नाहीस. आणि तुझं आडनाव मला परवा तेरवीच्या पत्रिकेवर कळलं, तेही चष्मा पुसून वाचल्यावर.

तुझा नवरा फार आधी गेला होता आणि गिरणी तू एकटीच चालवायचीस. सगळ्या बाजारात दुकानाच्या गल्ल्यावर, पैशाच्या पेटीपाशी, बसायचा हक्क असलेली तेवढी एकच बाई होती, तू. आम्ही बाकीच्या बाया त्या बाजारातून जायचो, थांबायचो नाही. थांबलो तर कोणीतरी घरी जाऊन सांगायचं. पण दळणाला गेलेल्या बाईला कोणी काही म्हणू शकत नव्हतं. दळण आहे, वेळ लागतोच. लाइन गेली, वीजच नव्हती म्हणून वेळ लागला, पट्टा निसटला म्हणून वेळ लागला, दगडाला टाकी लावून खाचा पाडल्या म्हणून वेळ लागला. अनसा, तुझा पट्टा काही रोज निसटत नव्हता. पण आम्ही घरी जाऊन तसं सांगितलं, आणि कोण्या नवऱ्यानं येऊन विचारलं तर तूही मान हलवून "आज तं दोनदा निसटला" म्हणालीस. एवढ्या खोट्या साक्षी कोर्टातही होत नसतील.

मी आले की पहिलं वाक्य, "घाई आहे." मग उपड्या डब्यावर तासभर बसायची. पिठाचा खकाणा उडत असायचा, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि आवाज एवढा की एकमेकींच्या कानाशी जाऊन बोलावं लागायचं. म्हणूनच तर सगळं बोलता यायचं. तू चहाचं विचारायचीस, मी म्हणायची, "नको वं, घाई आहे," आणि पुन्हा बसायची.

मग बँका सरकारी झाल्या आणि आमच्या बाजारात त्यांची पावलं लागली. पहिली आली सायकलवाल्याच्या आणि त्याच्या शेजारच्या भजेवाल्याच्या जागी. सगळ्यांनी कौतुक केलं. फुगे लावले, पेढे वाटले, मास्तरांनी भाषण केलं. दुसरी आली ती कासाराच्या आणि शिंप्याच्या दुकानांवर. कासार समोरच्या ओट्यावर टोपली घेऊन बसू लागला. तेव्हा पेढे आले, पण भाषण झालं नाही. तिसरी आली तुझ्यावर. तूच नावं ठेवलीस त्यांची: थोरली, मधली, धाकटी. "थोरली सून आली तं ओवाळलं," तू म्हणायचीस, "मधली आली तं नुसतं पाह्यलं. धाकटी आली, तिनं सासूलेच घराबाहेर काढलं!"

मी तुझ्यासारखी बँकांवर चिडू शकत नव्हते, आणि हेच आपलं भांडण. आता तू ऐकूनच घे, मधे बोलता येणार नाही तुला. थोरलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "मास्तरांची मिसेस." तो म्हणाला, "त्यांचं नाव नाही, तुमचं." मला आठवायला क्षणभर लागला, खोटं नाही सांगत. मग म्हटलं, मालती. त्यानं ते लिहिलं. त्या दिवशी मी तुझ्याकडे येऊन फुशारकी मारली, आणि तू गिरणी थांबवून म्हणालीस, "तुह्यं नाव मालती हाय काय वं? काहून नाही सांगतलं?"

"तू विचारलंच नाहीस."

"बरं. आता मास्तरीण म्हणू का मालती म्हणू?"

"काय म्हणायचं ते म्हण."

"मास्तरीणच बरं हाय," तू पट्टा चढवत म्हणालीस. "मालती लय सुंदर नाव हाय. तुले नाही शोभत."

तर मला बँकेत पंखा आवडला, बाक आवडला, गार पाण्याचा माठ आवडला. काउंटरवरची ती पोरगी आवडली, जी एवढ्या माणसांत मान वर करून काम करायची. तू म्हणायचीस, "हे सगळं ठीक हाय. पण दुकानं गेली अन् नुसत्या ब्यांका राह्यल्या, तं ब्यांकेतून पैसे काढून बाई जाईन कुठं?"

"इतवारीत जाईल."

"म्हणजे कोथिंबिरीची जुडी घ्याले रिक्षा!"

मी म्हणायची, तुला प्रगती कळत नाही. तू म्हणायचीस, कळते ना, आपल्या दारातून गेली. या वादाला शेवट नव्हता. तो दर दळणाला नव्यानं सुरू व्हायचा, आणि आता माझ्या अंगावर अर्धा येऊन पडला आहे. दुसरा अर्धा कोण बोलणार?

जागेचे मालक शेठ स्वतः तुझ्याकडे आले होते त्या दिवशी मी तिथेच उपड्या डब्यावर बसलेले. शेठ वाईट माणूस नव्हता. उभा राहून, टोपी हातात घेऊन बोलला, "अनसाबाई, मी तुमाले हाकलून नाही राहिलो. घरात तीन पोरं, जागा एक. ब्यांकवाले वरचा मजला बांधून देतात. तुमीच सांगा मी काय करू."

मला वाटलं, आता तू उसळणार. तू नळीतलं पीठ हातावर घेऊन चोळून पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "दिवाळीचं दळण होऊ द्या."

"होऊ द्या, होऊ द्या," शेठ म्हणाला. तो गेल्यावर मीच उसळले. म्हटलं, महिला मंडळाचा मोर्चा काढते. शंभर बाया रिकामे डबे वाजवत शेठच्या दारावर नेते. माझं भाषण तिथेच तयार झालं होतं, त्यात 'अन्नपूर्णा' हा शब्द तीनदा होता. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

"रिकामे डबे काहून वं? भरूनच आणा. माह्याकडं ठेवून जा. तुमी वाजवून येईस्तोवर मी दळून ठेवते."

मोर्चा निघाला नाही. त्या वयात मला वाटायचं की तू भित्री आहेस म्हणून निघाला नाही. भाषणाचा कागद मी पुष्कळ दिवस जपून ठेवला. एकदा मास्तरांनी त्यात भजी गुंडाळून आणली.

दगड हलवायला इतवारीतून हमाल आले. दगड एवढासा दिसायचा, पण चौघांनी ठेल्यावर चढवला तेव्हा ठेला करकरला. बाजारातल्या बाया दोन्ही बाजूंना उभ्या. कोणीतरी पुढे होऊन दगडाला हळद-कुंकू लावलं, दसऱ्याला लावायचो तसं. मग दुसरीनं लावलं, तिसरीनं लावलं. तू ठेल्याच्या मागे चालत होतीस, आणि तुझा चेहरा पिठाशिवाय मी पहिल्यांदाच पाहिला. उघडा उघडा वाटला. "हटा वं," तू ओरडलीस, "वरात नाही हे!" पण आवाज तुझा फाटला होता आणि सगळ्यांनी ऐकला. मी पुढे होऊन, महिला मंडळाच्या आवाजात सांगितलं, "अनसा, आम्ही सगळ्या तुझ्याचकडे येऊ. कुठेही जा!"

तू वळून पाहिलंस. मग ठेल्याला हात लावून पुढे चालू लागलीस. 

सगळ्या आल्या, काही दिवस. मागची गल्ली अरुंद, तुझ्या घराला लागून टिनाचं शेड, पावसात चिखल, उन्हाळ्यात भट्टी. मग एकेक डबा गळायला लागला. कोणाच्या सुनेला जमेना, कोणाचं बाळंतपण, कोणी शेवटी खरं सांगितलं की दूर पडतं. आणि मग माझ्याच घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, नवी चक्की निघाली. चकचकीत, निळा रंग, तराजूही नवा.

माझा मुलगा म्हणाला, "आई, समोर गिरणी असताना तू कडेवर डबा घेऊन कुठे जातेस?" मी म्हटलं, "अनसाच्या दगडाची चव तुझ्या त्या लोखंडाला येणार आहे का?" सून म्हणाली, "आई, पीठ सारखंच असतं." मी त्या दोघांनाही एक व्याख्यान दिलं. दगडाचं पीठ, मंद फिरणं, गव्हाचा गोडवा. मला यातलं काही कळत नव्हतं. मनात एवढंच होतं की माझा डबा गेला नाही तर तुझी गिरणी बंद पडेल. सगळ्या गेल्या, मी एकटी टिकले. काय सांगू तुला, फार मोठं वाटायचं मला. उन्हात घाम पुसत गल्लीत शिरले की वाटायचं, मी एकटी एक गिरणी चालवून राहिले आहे.

तूही कशी, दर वेळी विचारायचीस, "काहून येते वं इतक्या दुरून?" आणि बाजेवर माझ्यासाठी जागा करायचीस.

मधे एकदा मी तुला ओढून धाकटीत नेलं होतं. तू येत नव्हतीस. आत येऊन तू काउंटर पाहिला नाहीस, पंखा पाहिला नाहीस. फरशीवर पावलं मोजल्यासारखी चालत गेलीस, काचेच्या दारातून आत पाहिलंस आणि माझा दंड धरलास.

"मास्तरीण, इथं दगड होता पाह्य."

आत साहेबांची खुर्ची होती, ती गोल फिरणारी. साहेब फोनवर बोलता बोलता इकडून तिकडे वळत होते.

"पाह्यलं काय," तू कानाशी येऊन म्हणालीस, जुन्या सवयीनं, आवाज नसताना. "दगड गेला. पण जागेचं फिरणं नाही गेलं."

एवढ्या मोठ्यानं हसलो आपण, की साहेब फिरायचे थांबले. बाहेर पायरीवर येऊन तू बसलीस आणि मला वाटलं अजून हसतेस. मग पाहिलं, तर पदर डोळ्यांना होता. मी काय केलं? मी म्हटलं, "चल, ऊन वाढलं." अनसा, माझ्याकडे शब्दांची कधी कमी नव्हती. त्या दिवशी मात्र ऊन वाढलं एवढंच सापडलं.

आणि आपलं शेवटचं भांडण! लाडवाच्या बेसनाचं. दिवाळीच्या तोंडावर मी हरभऱ्याची डाळ दिली आणि चारदा बजावलं, जाडसर दळ, रवाळ लागतं. संध्याकाळी न्यायला आले तर पिठी. बोटाला लागत नव्हती इतकी बारीक.

"हे काय वं? पावडर लावायची आहे का याची तोंडाला?"

"चुकलं. पुढच्या वेळी जाडं देईन."

"तीस वर्षांत कधी चुकली नाहीस, आणि आता चुकतेस? दगडाकडे लक्ष नाही तुझं!"

तू उलट बोलली नाहीस. माझं त्यातच डोकं फिरलं. तू उलट बोलली असतीस तर आपण अर्धा तास भांडलो असतो आणि मी हलकी होऊन घरी गेले असते. तू नुसती म्हणालीस, "बस. चहा टाकते." मी म्हटलं, "घाई आहे." आणि त्या एका दिवशी खरंच निघून गेले. लाडू टाळ्याला चिकटले. मी सगळ्यांना सांगितलं, अनसा म्हातारी झाली. घरात गहू होते, पुरत होते. मी म्हटलं, संपले की जाईन. गहू संपायच्या आधी तुझ्या पोराचा निरोप आला.

तेरवीनंतर काल मी तुझ्या गल्लीत आले. का, ते मला धड सांगता येणार नाही. तुझ्याशिवाय तुझ्या घरी कसं जायचं, हे मला माहीत नव्हतं, म्हणून डबा भरून घेतला. दारात तुझी सून निर्मला डाळ निवडत बसलेली. माझ्या कडेवरचा डबा पाहून तिचं तोंडच उतरलं.

मी म्हटलं, "निर्मला, आता गिरणी तूच चालवशील ना?"

ती उठली आणि तिनं शेडचं दार उघडलं. इतके दिवस ते दार लावलेलंच असायचं. तू म्हणायचीस, खकाणा घरात येतो. आत कांदे पसरलेले होते, नातवाची जुनी सायकल होती, पाळणा टांगलेला होता. मधोमध, जिथे दगड बसवला होता, तिथे गव्हाच्या रिकाम्या पोत्यांची घडी. मोटर नाही, पट्टा नाही. भिंतीवर पीठसुद्धा नव्हतं.

"मागच्याच्या मागच्या होळीले मोटर जळली, मावशी," निर्मला म्हणाली. "दगड विकून टाकला आईनं."

मला काही समजेना. "मग माझं दळण?"

निर्मला खाली पाहत म्हणाली, "तुमच्या घरासमोरच्या चक्कीवर."

अनसा, मी कांद्यांच्या ढिगाशेजारी खाली बसले. आधी मला राग आला. मग मी ते सगळं डोळ्यांपुढे आणलं. सकाळी मी घाम गाळत डबा घेऊन निघायची, माझ्या दारातून तुझ्या दारापर्यंत. तू म्हणायचीस, "लाइन नाही, संध्याकाळी ने." दुपारी मी जेवून झोपले की तोच डबा, त्यावर लाल रंगानं 'मास्तर' लिहिलेलं, तू पोत्याखाली झाकून परत माझ्याच दारापर्यंत आणायचीस. माझ्या खिडकीसमोर उभी राहून दळून घ्यायचीस. आणि पुन्हा झाकून गल्लीत. मग संध्याकाळी मी त्यात बोट घालून सुनेला म्हणायची, बघ, याला म्हणतात दगडाचं पीठ! पीठ नेहमी गार असायचं. मी म्हणायची, अनसा सावलीत ठेवते.

मी हसायला लागले. निर्मला घाबरली, तिला वाटलं म्हातारीला काही झालं. मी म्हटलं, अगं बाई, काही नाही झालं. दोन वर्षं मी एक गिरणी एकटीनं चालवली, आणि ती गिरणीच नव्हती! मोर्चावालीचा असा मोर्चा कोणी काढला नसेल. तुझ्या गुडघ्यांना दुपारची ती चक्कर कशी झेपली, हे मी अजून मनात आणत नाही. आणलं तर हसणं राहत नाही. आणि ते बेसन. तुझ्या हातात जाडं-बारीक राहिलंच नव्हतं, आणि तू नुसतं "चुकलं" म्हणालीस.

धाकटीवर चिडून पाहिलं. जमलं नाही. पोरगी मला अजून नावानं हाक मारते, मालतीबाई, या. शेठवर चिडून पाहिलं, तो स्वतः आता मुलांच्या दारात बसून असतो. राहिलीस तू. तुझ्यावर चिडायचं तर भांडण अर्धंच होतं.

निर्मलानं चहा टाकला. मी घाई आहे म्हटलं नाही. कप हातात घेऊन विचारलं, "पण मला सांगायचं ना गं. एवढी उन्हातान्हाची पायपीट, कशासाठी? मला एकदा सांगून टाकायचं ना तिनं."

निर्मला म्हणाली, "मीनं विचारलं होतं त्याईले, मावशी. म्हटलं, आई, सांगून द्या ना, त्या काय इथं नुसत्या बसाले येणार नाहीत काय? तं त्या म्हणाल्या, 'नाही येणार वं. नुसतं बसाले ये म्हटलं तं मास्तरीण उद्या येते म्हणंल, अन् तो उद्या कधी उगवणार नाही. तिले यायले काम लागते. तं आपण काम ठेवू.'"